रुळांच्या कडेकडेने : सचिन ते वघई

सचिन म्हटले की हल्ली कोणासही क्रिकेटचा खेळाडूच आठवतो. आम्ही परगावी गेलो आणि 'सचिनहून आलो' असे सांगितले, की समोरचे गृहस्थ आधी हसतात आणि मग 'असे खरेच गाव आहे काय?' म्हणून विचारतात. गाव आहे, आणि जुने आहे. जंजिऱ्याच्या गादीवरील आपला हक्क सोडून देणाऱ्या एका सिद्दी वारसास पेशव्यांनी १७९१ साली सुरतेजवळची काही गावे तोडून दिली, त्यांचे हे संस्थान झाले आणि ते १९४८ पर्यंत टिकले. म्हणजे आमच्या गावाचा इतिहास एका टोकाला पुण्याशी आणि दुसऱ्या टोकाला मुरुडच्या समुद्रातील किल्ल्याशी बांधलेला आहे. आज मात्र सचिन म्हणजे औद्योगिक वसाहत, यंत्रमाग, रंगाईचे कारखाने आणि पाळी सुटल्यावर रस्ताभर होणारी सायकलींची दाटी. त्या सायकलस्वारांत पुष्कळजण आपले खानदेशी. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरले आणि मग येथलेच होऊन गेले, असे. आमचे घर त्यांपैकीच एक.

सुरतेहून मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग आमच्या दाराशीच म्हणावा इतका जवळून जातो. १८६४ साली तो मुंबईस पोहोचला, तेव्हापासून त्याला विसावा असा नाही. परंतु २२ मार्च १९२० नव्हे, २०२० च्या त्या जनता-संचारबंदीनंतर तोही थांबला. (हाताला अजून जुने शतक लिहिण्याची सवय आहे, वाचकांनी क्षमा करावी.) गाड्यांचा आवाज बंद झाल्यामुळे आमच्या घरात झोप लागेना, हे सांगितले तर कोणास खरे वाटणार नाही. सर्वांत अधिक अस्वस्थ झाले ते आमचे चुलते. सारे घर त्यांना नाना म्हणते. वय ७८, यंत्रमागावर चाळीस वर्षे काढल्याने कान मंद, परंतु गाडीचा आवाज त्यांना पायांतून कळतो.

मोठ्या मार्गावरील गाड्या हळूहळू सुरू झाल्या. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्तमानपत्रात बातमी आली, की पश्चिम रेल्वेच्या गुजरातेतील अकरा लहान शाखा न परवडणाऱ्या म्हणून कायमच्या बंद करण्याचे ठरत आहे. यादीत बिलिमोरा-वघई हे नाव होते. नानांनी ती बातमी दोनदा वाचली, कात्रण काढले आणि चष्म्याच्या घरात ठेवले. दोन दिवसांनी म्हणाले, "अरे, रूळ उचलण्याच्या आत एकदा वघईपर्यंत जाऊन येऊ."

आम्ही म्हटले, "नाना, गाडीच बंद आहे, जायचे कशाने?"

"चालत," नाना म्हणाले.

चालत जाणे अर्थातच शक्य नव्हते. बिलिमोरा ते वघई हा मार्ग ६३ किलोमीटरचा. अखेर तडजोड ठरली. आम्ही, सौभाग्यवती आणि आमचा पुतण्या असे तिघे सायकलींवर, नाना शेजाऱ्यांच्या मुलाच्या छोट्या हत्तीत (वाचकांनी दचकू नये, त्या लहान मालवाहू टेम्पोला इकडे हेच नाव आहे), आणि प्रत्येक स्टेशनाशी उतरून नाना वाटेल तेवढे पायी चालणार. पुतण्याची सायकल नव्या तऱ्हेची, एकवीस गिअरांची. आमची मात्र काळी, दांडीची ॲटलस. त्या कारखान्याचे साहिबाबादचे काम ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमके जागतिक सायकल दिनी, थांबले, हे वाचल्यापासून आम्ही तिला जरा अधिक तेल घालतो.

जानेवारी २०२१ च्या अखेरच्या शनिवारी पहाटे निघालो. पौषातली पौर्णिमा नुकतीच सरली होती, त्यामुळे उजाडेपर्यंत चंद्राची सोबत होती. सायकली टेम्पोत आडव्या घातलेल्या, त्यांवर घोंगडी, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि पंक्चर काढण्याचे सामान. नवसारी मागे टाकून बिलिमोऱ्यास पोहोचलो तेव्हा उन्हे कोवळी होती.

येथे या मार्गाची थोडी हकीकत सांगणे भाग आहे, कारण तो आपल्या वाचकांच्या बराच जवळचा आहे. बिलिमोरा, गणदेवी हा सारा मुलूख बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात मोडे. बडोद्याच्या गायकवाडांना लोहमार्गाची हौस फार जुनी. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, मियागाम ते डभोई असा सुमारे ३२ किलोमीटरचा अरुंद मार्ग टाकला गेला आणि त्यावरून गाड्या ओढल्या बैलांनी! इंजिने आणली तरी त्या हलक्या रुळांना ती पेलत ना, म्हणून पुन्हा बैल. १८७३ साली तेथे वाफेचे इंजिन नियमाने चालू लागले. हिंदुस्थानातील अरुंदमापी लोहमार्गांचा आरंभ तो हाच. पुढे सयाजीराव महाराजांनी डभोईभोवती या मार्गांचे जाळेच विणले, आणि दक्षिणेकडे नवसारी प्रांतातही दोन शाखा काढल्या. एक कोसंब्याहून पूर्वेस उमरपाड्याकडे जाणारी, आणि दुसरी ही बिलिमोऱ्याची. हिचा पहिला टप्पा १९१४ साली खुला झाला. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाचे अंतर साडेपाच फूट असते हे ध्यानात घेतले म्हणजे ही गाडी किती बेताची, हे कळेल. डांगच्या रानातील साग बाहेर काढण्यासाठी तिचा जन्म झाला. माणसे नंतर बसली.

१९४९ साली बडोदे राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९५१ साली पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि गायकवाडांचे रूळ तिच्याकडे गेले. १९६० साली डांग गुजरातेत राहिला. तो कोणाचा, तेथली बोली मराठीची की गुजरातीची, यावर त्यापूर्वी दहा-अकरा वर्षे जे रण माजले होते त्याची आठवण आमच्या पिढीस ऐकूनच आहे. गाडी मात्र दोन्ही बाजूंचे लोक घेऊन तशीच चालत राहिली.

बिलिमोऱ्यास स्टेशनाच्या एका अंगाला अरुंद मार्गाचा फलाट आहे. तेथे लहान निळसर डबे ओळीने उभे होते आणि चाकांच्या खाली गवत वाढले होते. चौकशी केली तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने आम्हांस बरे समजावले. गाडी बंद असली तरी मार्ग रेल्वेचाच आहे. रुळांवरून चालणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. शिवाय देखभाल थांबलेली, पुलांवरून तर मुळीच जाऊ नये. "बाजूने गाडीवाट आहे, शेतकऱ्यांची. ती धरा. ती तुम्हांला बहुतेक ठिकाणी रुळांच्या सोबतच नेईल," असे ते म्हणाले. आम्ही तेच केले. ही गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण बंद लोहमार्ग म्हणजे मोकळे मैदान, असे समजून पुष्कळ तरुण मंडळी फोटोंसाठी पुलांवर चढतात.

आणि खरे सांगायचे तर रुळांमधून चालण्यात काही सुखही नसते. फाटकापाशी रस्ता ओलांडताना दोन-चार पावले टाकून पाहिले तेवढेच. स्लीपर इतके जवळ की एकावर पाय टाकला तर पाऊल लहान पडते, आणि दोन ओलांडावेत तर ढांग मोठी होते. गँगमन लोक आयुष्यभर त्या मापाने कसे चालतात कोण जाणे.

गणदेवीपर्यंतचा प्रदेश बागायती. दोन्ही हातांस चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे ऊस. आंब्यास मोहोर आला होता आणि त्या गोड वासात उसाच्या पाचटाचा धूर मिसळला होता. गाडीवाट कोठे रुळांना खेटून, कोठे एखाद्या ओढ्याला वळसा घालून जाई. मार्ग मात्र दिसत राही. दोन गंजलेल्या, अगदी जवळजवळ टाकलेल्या रेषा, मध्ये एरंड उगवलेला. एका ठिकाणी कोणी शेतकऱ्याने रुळांवर लाकडे टाकून त्यावर वैरण रचली होती. दुसऱ्या ठिकाणी कुंपणाच्या तारा चार हात पुढे सरकलेल्या दिसल्या. गाडी थांबून अजून वर्ष झाले नव्हते.

गणदेवीच्या पुढे ऊसतोडणीवाल्यांचा पडाव लागला. पाचटाच्या झोपड्या, बाहेर चुली, कोयते कुडाला अडकवलेले. पुतण्याच्या चाकात काटा गेल्यामुळे आम्ही तेथेच थांबलो. एक म्हातारबा आमच्या पंपाकडे पाहत उभा राहिला आणि आमचे आपसातले बोलणे ऐकून एकदम म्हणाला, "तुम्ही कोनता गावना शेतस?" अहिराणी! नाना टेम्पोतून उतरून आलेच. मग काय, साक्री कोठे, अंमळनेर कोठे, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, असा अर्धा तास गेला. ही मंडळी नंदुरबार-धुळ्याकडची. दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. कारखान्यांच्या साखरेत यांच्या किती पिढ्या विरघळल्या असतील. म्हातारबा म्हणाला, पूर्वी उसाच्या तळावरून तळावर जाताना बायकापोरे आणि भांडी या लहान गाडीत घालून देत असू, आता ट्रॅक्टरच्या वर बसवावी लागतात. सौभाग्यवतींनी त्यांच्या नातवंडांना दशम्या दिल्या. त्यांनी आम्हांस उसाची दोन कांडी दिली, ती सायकलच्या दांडीला बांधून आम्ही पुढे निघालो.

चिखली रोडच्या आसपास थंडीत उंबाडियूच्या भट्ट्या लागतात. मडक्यात कंद, रताळी, पापडी आणि पाला भरून, मडके उलटे घालून भोवती जाळ करतात. आपल्या पोपटीचा हा सख्खा भाऊ. नानांनी वैद्यांचे पथ्य बाजूस ठेवले आणि आम्ही ते पाहिले नाही असे केले. रानकुव्यापाशी मात्र त्यांनी आमची खरीच धांदल उडवली. पुतण्या पाणी भरायला गेला असताना त्यांनी त्याची सायकल घेतली आणि गाडीवाटेने सुटले. आम्ही मागून ओरडतो, त्यांना ऐकू येत नाही. अर्धा किलोमीटर गेल्यावर ब्रेक सापडला. खाली उतरून म्हणाले, "गिअरची काही गरज नसते."

या मार्गाची एक गंमत वाचकांस सांगितली पाहिजे. येथे पुष्कळ फाटकांवर माणूसच नाही. गाडी फाटकाजवळ येऊन थांबे, गाडीतूनच एक माणूस उतरे, फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. मग गाडी निघे. ६३ किलोमीटरांस तीन तासांहून अधिक वेळ लागे तो यामुळेही. अशा गाड्यांविषयी एक कथा सर्वत्र सांगतात, की उतारू चालत्या गाडीतून उतरतात, बोरे तोडतात आणि पुन्हा येऊन बसतात. आम्ही ती पाचोरा-जामनेर गाडीविषयी ऐकली आहे, यवतमाळच्या 'शकुंतले'विषयी ऐकली आहे, आणि येथेही दोघांनी सांगितली. नानांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बोरे तोडायला उतरत असत ते खरे. पण गाडी उभी असताना. चालत्या गाडीत चढताना मार बसत असे."

अनावलच्या पुढे जमीन उठू लागते. येथवर शेते, आणि आता अधूनमधून साग. दिवस मावळताना उनाईस पोहोचलो. उनाईमातेच्या देवळाजवळ उष्ण पाण्याचे कुंड आहे, दूरवरून लोक स्नानास येतात. त्या वर्षी साथीमुळे गर्दी नव्हती. ओळखीच्यांच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या आणि आमचे पाय म्हणजे दोन निराळी माणसे आहेत असे वाटत असतानाच झोप लागली.

दुसरा दिवस रविवार. उनाईच्या थांब्यावरच आम्हांस या साऱ्या प्रकरणाची दुसरी बाजू भेटली. आठ-दहा कुकणा बाया टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेस उभ्या होत्या. टोपल्यांत वाल, तुरीच्या शेंगा, एकीच्या टोपलीत कोंबड्या. त्यांची बोली आमच्या कानांस निम्मी कळते, निम्मी अर्थावरून लावावी लागते. गाडी होती तेव्हा बिलिमोरा ते वघई अवघ्या मार्गाचे भाडे पंधरा रुपये होते. त्यातही या बाया मधल्या दोन-तीन स्टेशनांपुरत्या बसत, म्हणजे आणखी कमी. आता जीपवाला माणशी कितीतरी पट घेतो आणि टोपलीचे निराळे. एक बाई म्हणाली, की वालाचे जे पैसे येतात त्यातून जीपचे वजा केले तर उरते ते मिठापुरते. बस आहे, पण टोपलीला बसमध्ये जागा मिळत नाही. 'न परवडणारी शाखा' हा शब्द आम्ही बातमीत वाचला होता. कोणास न परवडणारी, हे विचारण्याचे आम्हांस तेथे सुचले.

आणि गंमत अशी, की याच शाखेस २०१८ साली रेल्वेने 'वारसा' म्हणून जपण्याचे ठरवले होते. डभोई-मियागाम, मियागाम-मालसर, चोरंदा-मोती कराळ, प्रतापनगर-जंबुसर आणि ही बिलिमोरा-वघई, अशा पाच मार्गांची मिळून २०४ किलोमीटर लांबी. दोन वर्षांत वारशाचा तोटा झाला. त्याच जानेवारीत, आमच्या सहलीच्या दोनच आठवडे आधी, १७ तारखेस डभोईवरून केवडियास मोठ्या मापाच्या गाड्या वाजतगाजत सुरू झाल्या होत्या. त्या झाल्या याचा आनंदच आहे. परंतु बैलांनी गाडी ओढली त्या डभोईत आज अरुंद मार्गाचे काय राहिले, हा प्रश्न बडोद्याच्या वाचकांनी आपापल्या मनाशी विचारून पाहावा.

उनाई सोडल्यावर रान सुरू होते. केवडी रोड, काळा आंबा, डुंगरडा ही स्टेशनांची नावे वाचताना परमुलुखात आहोत असे वाटतच नाही. वासदा राष्ट्रीय उद्यानाचा हा परिसर. १९७९ साली जाहीर झालेले, अदमासे २४ चौरस किलोमीटरांचे लहानसे उद्यान, वासद्याच्या राजेसाहेबांच्या जुन्या रानाचे. येथे गाडीवाट संपली आणि आम्ही डांबरी रस्ता धरला. मार्ग कधी झाडांतून दिसे, कधी नाहीसा होई. सागाची पाने गळू लागली होती. एकेक पान थाळीएवढे, पडताना आवाज करणारे. रूळ पुष्कळ ठिकाणी त्या पानांखाली बुजले होते आणि केवळ सरळ रेषेत झाडे नाहीत यावरून मार्ग ओळखावा लागे. चढावर आमची ॲटलस हाताने ढकलावी लागली. पुतण्या वर जाऊन थांबे आणि सभ्यपणे दुसरीकडे पाही.

दुपारी एकच्या सुमारास वघई आले. मार्ग येथे संपतो. पुढे डोंगर, अहवा, आणि घाट चढून सापुतारा. स्टेशन लहान, कौलारू, समोर लाकडांच्या वखारीची मोकळी जागा. पहाऱ्यावर असलेल्या माणसास नानांचे वय सांगितले, तेव्हा त्याने फलाटावरच्या बाकावर थोडा वेळ बसण्यास हरकत घेतली नाही आणि स्वतः पाणी आणून दिले.

नाना बाकावर बसले नाहीत. फलाटाच्या बिलिमोऱ्याकडील टोकाशी जाऊन उभे राहिले. आम्हांस इतकेच ठाऊक होते, की आमचे आजोबा एका लाकडाच्या ठेकेदाराकडे वघईस कारकून होते, आमचे वडील शाळेसाठी अंमळनेरला आणि धाकटे नाना येथे आईवडिलांपाशी. १९५१ च्या पावसाळ्यात आमच्या आजीस दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. रस्ता पाण्याखाली. उतारूंची गाडी दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी लाकडांची मालगाडी सुटायची होती. गार्डाने आपल्या डब्यात घोंगडी अंथरून तिला आणि आजोबांना घेतले. नाना नऊ वर्षांचे, त्यांना शेजारणीकडे ठेवले. गाडी या टोकाकडून गेली. बिलिमोऱ्यास दवाखान्यात मुलगी झाली, ती आमची आत्या, आज सत्तरीत आहे आणि सर्वांना दटावते. आजी तेथून परत आली नाही. तिचा एकही फोटो घरात नाही, त्यामुळे ती कशी होती हे आमच्यापैकी कोणास माहीत नाही.

ही हकीकत नानांनी आम्हांस त्या दिवशी प्रथमच सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "गार्डाचे नाव मला आठवत नाही. बाबांना ठाऊक होते. विचारायचे राहिले." मग त्यांनी डब्याची चौकशी केली आणि आम्ही समोरच्या झाडाखाली जेवलो. नागलीची भाकरी तेथल्या एका खाणावळीतून आणली होती, ती सौभाग्यवतींना इतकी आवडली की पीठ बरोबर घेतले. तेथून जवळच गिरा धबधबा आहे. परंतु जानेवारीत त्यात पाणी बेताचेच, शिवाय नाना दमले होते, म्हणून गेलो नाही. सायकली टेम्पोत घालून रात्री सचिनला परतलो.

परतल्यावर पुतण्याने एक विषय काढला आणि तो घरात पुष्कळ दिवस पुरला. त्याचे म्हणणे, गाडी जाणारच असेल तर रूळ उचलून तेथे पायवाट आणि सायकलवाट का करू नये? चढ सौम्य, वळणे मोठी, मोटारी नाहीत. आगगाडीला सोसेल तो चढ सायकललाही सोसतोच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा असा बंद मार्ग १९६० नंतरच्या दशकात वाटसरूंसाठी खुला केला. अदमासे ५१ किलोमीटर लांबी, वाटेत तीन बोगदे, आत शिरताना सायकलवरून उतरून दिवा हाती घ्यावा लागतो. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ या बंद मार्गावर स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात वाट बांधली, सुमारे २१ किलोमीटरांची. आज लोक तिच्यावरून कामावर जातात. अमेरिकेच्या १९८३ च्या एका कायद्यात तर अशी सोय आहे, की बंद मार्गाची जमीन तुकडे करून विकायची नाही, तेवढ्यापुरती वाट म्हणून वापरायची, आणि पुढेमागे गाडीची गरज पडली तर तो पट्टा रेल्वेस परत मिळावा.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. लोहमार्गाचे मोल लोखंडात नसते, ते सलग जमिनीत असते. एकदा मधली चार शेते त्यात शिरली, एक टपरी उभी राहिली, एक गोठा बांधला गेला, की तो ६३ किलोमीटरांचा धागा पुन्हा कोणास ओवता येत नाही. कुंपण चार हात सरकलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा काही न करण्यापेक्षा वाट करणे हजार वाट्यांनी बरे. जामनेरची गाडी मार्च २०२० मध्ये थांबली, शकुंतलाही थांबली. त्या दोन्ही मार्गांवर ज्यांची गावे आहेत अशा आपल्या वाचकांनी आपल्या ग्रामपंचायतींकडून एवढे तरी पाहून घ्यावे, की मोठी गाडी येईतो पट्टा सलग राहील.

परंतु पुतण्याशी आमचा वाद मिटला नाही तो निराळ्याच मुद्द्यावर. सायकलवाट झाली असती तर रविवारी सुरतेहून पन्नास तरुण आले असते, आम्हीही गेलो असतो. उनाईच्या त्या कोंबड्यांच्या टोपलीवाल्या बाईने तिच्यावरून काय न्यायचे? डोक्यावर टोपली घेऊन तीन स्टेशने चालायचे? वाट ही गाडीच्या मागून येणारी सोय आहे, गाडीच्या ऐवजी नव्हे. पुतण्या म्हणाला, पण गाडी गेलीच तर? त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

तिकडच्या लोकांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. वासदा, चिखली, डांग येथून निवेदने गेली, निदर्शने झाली. मध्यंतरी त्या वर्षीची दुसरी लाट येऊन गेली, तिच्याविषयी येथे लिहीत नाही. आणि ४ सप्टेंबर २०२१ रोजी बिलिमोरा-वघई गाडी पुन्हा सुटली. जुन्या साध्या डब्यांच्या जोडीला मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा जोडला होता, सहलीच्या लोकांसाठी. त्याचे भाडे पाचशेच्या वर, साध्याचे पूर्वीसारखेच बेताचे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नानांना घेऊन गेलो. काचेच्या डब्याची तिकिटे काढण्याची आमची तयारी होती. नानांनी ती नाकारली आणि साध्या डब्यात खिडकीशी जागा धरली. उनाईस बाया चढल्या, टोपल्या बाकाखाली सरकवल्या. आमच्या ओळखीची बाई दिसते काय म्हणून सौभाग्यवती पाहत होत्या, ती नव्हती. केवडी रोडच्या पुढे गाडी एका फाटकाशी थांबली, आतून माणूस उतरला, त्याने फाटक लावले. पलीकडे दोन पोरे एकाच सायकलवर, एक पाय जमिनीला टेकून उभी होती. गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबली, माणूस धावत येऊन चढला, आणि नानांनी सरकून त्याला बाकावर जागा करून दिली व त्याचे नाव विचारले.